गळतीसाहेबांची गादी

ज्या सकाळी गळतीसाहेबांनी हा प्रश्न स्वतःच्या हातात घ्यायचं ठरवलं, त्या सकाळी त्यांच्या हातात आधीपासूनच एक ओली चादर होती.

साहेबांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायला कुणी थांबत नसे. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात ते गळती विभागाचे प्रमुख, म्हणून साऱ्या इमारतीचे ते गळतीसाहेब. जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते शोधून काढायचं, हे त्यांचं काम. एका लांब काठीचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. चार हात खाली धार सुटलेली असली तरी साहेब उभ्या उभ्या सांगत, “इथे खणा.” आणि खणलं की पाणी असायचंच. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात, एका लहानशा पलंगावर, आठवड्यातून पाच रात्री गळती व्हावी आणि ती नेमकी कधी होते याचाही त्याला पत्ता लागू नये, ही नामुष्की ज्याची त्यालाच कळते.

पलंग ठकूचा होता. ठकू पावणेपाच वर्षांची. दिवसाचा तिचा कारभार चोख. बसमध्ये, दुकानात, ऐन खेळात, कुठेही असली तरी वेळ आली की ती कमरेवर हात ठेवून “बाबा, शू” असं जाहीर करी आणि गेल्या दीड वर्षात तिचा अंदाज एकदाही चुकला नव्हता. रात्री मात्र डोळा लागला की हे खातं बंद.

आजवर कुणी त्याचं काही वाटून घेतलं नव्हतं. पण ठकूच्या मावशीने तिला सुट्टीत आठ दिवस राहायला बोलावलं, आणि मावसबहीण म्हणजे जीव की प्राण असलेली ठकू म्हणाली, “मी नाही जाणार.” का, ते सांगेना. शेवटी सकाळी साहेब चादर काढत असताना ती त्यांच्या खांद्यावर चढली आणि कानात म्हणाली, “तिथली गादी त्यांची आहे ना. बाबा, तू कुणाला सांगायचं नाही हं. कुणालाच नाही.”

“नाही सांगणार,” साहेब म्हणाले.

“आजीला पण नाही. सेक्रेटरीकाकांना पण नाही.”

सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना हे सांगण्याचा प्रसंग आयुष्यात कशाला येईल, असं साहेबांना तेव्हा वाटलं. त्यांनी वचन दिलं. मग ते स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाले, “मावशीकडे जायला तीन आठवडे आहेत. तीन आठवड्यांत मी हे थांबवून दाखवतो.”

बायको ग्रंथालयात कामाला होती. पुस्तकं उशिरा का होईना परत येतातच, या अनुभवामुळे तिचा स्वभाव शांत झाला होता. ती म्हणाली, “अहो, होईल आपोआप.”

“आपोआप काही होत नसतं,” साहेब म्हणाले. “आपोआप फक्त गळती होते.”

त्याच संध्याकाळी कपाटाच्या दारावर तक्ता लागला. कोरडी रात्र हिरवी, ओली रात्र लाल. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. झोपण्याआधी दोनदा बाथरूम. आणि साडेदहाला साहेब स्वतः ठकूला उचलून नेणार. कार्यालयात याला ते ‘नियंत्रित विसर्ग’ म्हणत. घरात हा शब्द उच्चारायला बायकोने बंदी घातली.

पहिल्या रात्री साडेदहाला त्यांनी ठकूला उचललं आणि त्यांना जे दिसलं त्याला ते तयार नव्हते. लेकरू झोपेत असतं म्हणजे काय, हे त्यांनी आजवर नीट पाहिलंच नव्हतं. मान खांद्यावर, हात लोंबते, पाय लोंबते. नावाने हाक मारली, गालाला पाणी लावलं, दिवा लावला. काही नाही. कमोडवर बसवलं तर ती बसली, पण डोळे मिटलेलेच. साहेब म्हणाले, “ठकू, शू कर.” ठकू स्पष्ट आवाजात म्हणाली, “त्या जिराफाला आधी आत घ्या.” आणि पुन्हा गप्प.

साहेब तिच्यासमोर फरशीवर उकिडवे बसून राहिले. त्यांना स्वतःला रात्री पंख्याचा आवाज बदलला तरी जाग येई. हे एवढंसं माणूस मात्र कुठे इतकं खोल उतरलंय, जिथे जिराफ आहेत, दारं आहेत, पण बापाची हाक पोचत नाही! त्यांचा उजवा पाय मुंग्यांनी बधिर झाला तरी ते तसेच बघत राहिले. दहा मिनिटांनी त्यांनी तिला परत नेऊन निजवलं. पलंगावर पाठ टेकताक्षणी, साहेबांच्या डोळ्यांदेखत, ठकूने गादी ओली केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिशेब मांडला. सहानंतर पोटात गेलेलं पाणी : औषधाच्या चमच्याने दोन चमचे. चादर, मेणकापड, गादी आणि साहेबांची बाही मिळून बाहेर आलेलं पाणी : अंदाजे दोन पेले. आत गेलं त्यापेक्षा जास्त बाहेर आलं, असं शहराच्या एकाही पाइपलाइनवर घडलेलं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी आकडा तीनदा तपासला आणि मग कपाळावर हात ठेवून नुसतेच बसले.

कार्यालयात त्यांनी सल्ला विचारला तो “एका ओळखीच्यांच्या मुलीसाठी.” हेडक्लार्क म्हणाला, ओळखीच्यांना सांगा, मुलीला रागवा. शेजारच्या टेबलावरचे अभियंते म्हणाले, ओळखीच्यांना सांगा, बक्षीस लावा. फिटर पाच पोरांचा बाप. तो पाना पुसत म्हणाला, “साहेब, ओळखीच्यांना सांगा, पोरगी आहे ती, पाइप नाही.” हा सल्ला फुकट आणि बिनकामाचा म्हणून साहेबांनी सोडून दिला. बक्षिसाचा घेतला, पण झोपलेल्या माणसाला बक्षीस दिसत नाही हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

मग आले गजर. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी एकदा सहज म्हटलं होतं की ठराविक वेळी उठवलं की शरीराला शिस्त लागते. साहेबांनी तीन घड्याळं आणली. बारा, दोन आणि चार. बाराच्या गजराला साहेब उठले. दोनच्या गजराला साहेब, बायको, शेजारचं तान्हं बाळ आणि त्याचे आईवडील उठले. चारच्या गजराला खुद्द मुख्याध्यापक उठले, जिना उतरून खाली आले आणि आग कुठे लागलीय ते विचारू लागले. तिन्ही गजर ठकूच्या उशाशी वाजले होते. तिने फक्त एकदा कूस बदलली. कोरड्या बाजूला.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. तक्त्यावर आता नऊ लाल चौकोन आणि एक हिरवा असे होते. एका रात्री साहेब साडेदहाला तिला उचलायला गेले, तर ठकू अंधारात पलंगावर ताठ बसलेली. डोळे टक्क उघडे, लाल झालेले. स्वतःच्या दंडाला ती चिमटे काढत होती.

“अगं, झोपली नाहीस?”

“झोपलं की होतं,” ठकू म्हणाली. “म्हणून मी आता झोपायचं बंद केलंय.”

साहेबांनी दिवा लावला नाही. ते तिच्याशेजारी पलंगावर बसले. समोर कपाटाच्या दारावर तक्ता होता आणि अंधारातही त्यातले लाल चौकोन कुठले ते त्यांना ठाऊक होते. त्यांनी उठून तो काढला, घड्या घालून खिशात कोंबला आणि ठकूला मांडीवर घेतलं. ती तीन मिनिटांत झोपली. पाऊण तासाने त्यांची मांडी ओली झाली. ते हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघे नवराबायको ठकूला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. साहेबांनी सगळी आकडेवारी नेली होती. बाईंनी ती न वाचताच बाजूला ठेवली आणि ठकूचं पोट तपासलं, पोट रोज साफ होतं का, लघवीला जळजळ होते का, तहान फार लागते का, ते विचारलं. सगळं ठीक होतं.

“पावणेपाच ना? मग हा आजार नाही,” बाई म्हणाल्या. “दिवसा पोटभर पाणी द्या, संध्याकाळी तिला कोरड्या घशाने ठेवू नका. झोपताना एकदा बाथरूम. गादीवर चांगलं आवरण घाला. आणि गजर विकून टाका.”

“पण पाणी आत जातं त्यापेक्षा जास्त बाहेर कसं येतं?” साहेबांनी विचारलं. हा प्रश्न त्यांना दहा दिवस पोखरत होता.

बाई हसल्या. “ते पाणी तुम्ही संध्याकाळी दिलेलं नाही, दिवसभराचं आहे. कसं आहे, रात्र झाली की मेंदू मूत्रपिंडांना निरोप पाठवतो, आता सावकाश. मग रात्री लघवी कमी तयार होते. आणि पिशवी भरली की पिशवी मेंदूला निरोप पाठवते, ऊठ. काही मुलांमध्ये हे निरोप उशिरा सुरू होतात. पाचव्या वर्षी, सहाव्या, सातव्याही. आपण शिकवून येत नाहीत. सातव्या वर्षानंतरही होत राहिलं, तर या, मग उपाय आहेत.”

“म्हणजे रात्रीचा दाब कमी करायची सोय आत आहे?” साहेब पुढे झुकले. “आपोआप?”

“आपोआप.”

साहेबांनी बायकोकडे बघायचं टाळलं. शहरात रात्री पाण्याचा दाब कमी करण्यासाठी त्यांच्या खात्याने सहा वर्षं, चाळीस व्हॉल्व्ह आणि दोन समित्या खर्ची घातल्या होत्या आणि तरी निम्मं शहर रात्रभर ठिबकत होतं. इथे टेबलाखाली बसून आपल्या चपलेचा बंद चावणाऱ्या या मुलीच्या आत ही सगळी यंत्रणा तयार होती. नुसता निरोप यायचा बाकी होता. त्यांना एकदम टोपी काढून ठेवावीशी वाटली. टोपी नव्हती म्हणून त्यांनी चष्मा काढला.

“घरात लहानपणी कुणाला असं व्हायचं का? बरेचदा वारसा असतो,” बाईंनी विचारलं.

“आमच्याकडे कुणालाच नाही,” साहेब ताठ बसून म्हणाले.

म्हणजे मोहीम संपली. पण मोहिमेत चिंब झालेली गादी उरली होती. ती रविवारी साहेबांनी गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकली. ओल्या गादीला किती वजन असतं याचा अंदाज, पाण्यातच हयात गेलेली असूनही, त्यांना आला नाही. ती आधी थोडी सरकली, मग विचार केल्यासारखी थांबली आणि मग दुसऱ्या मजल्यावरून खाली गेली. खाली सेक्रेटरींची स्कूटर होती. रंग नवा होता, त्याच सकाळी आलेला. शेजारी पुसायचं फडकं घेऊन सेक्रेटरी उभे होते. गादी त्यांच्यापासून हातभर अंतरावर स्कूटरला मिठी मारून पडली.

सेक्रेटरी भला माणूस, पण नियमांचं पुस्तक त्यांनी स्वतः लिहिलेलं, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक ओळीवर पोटच्या पोरासारखी माया. दुपारी नोटीस आली. कलम चौदा : दर्शनी गॅलरीत गाद्या वाळत घालू नयेत. अपवाद हवा असल्यास कारण नमूद करून दोन प्रतींत अर्ज करावा.

साहेबांनी लिहिलं, ‘कौटुंबिक कारणास्तव गादी वाळवणे आवश्यक आहे.’ अर्ज परत आला. शेरा : कारण मोघम. त्यांनी लिहिलं, ‘गादीत आर्द्रता आढळून आल्याने.’ परत आला. शेरा : आर्द्रतेचा उगम नमूद करावा, वरच्या मजल्याची गळती असल्यास मुख्याध्यापकांना जबाबदार धरावे लागेल. मुख्याध्यापकांनी लगेच एक अर्ज दिला की आपल्या न्हाणीघरातून एक थेंब गळत नाही, आणि गळतीसाहेबांनी काठी घेऊन वर येऊन तपासावं. साहेबांना खरंच जावं लागलं. ते अर्धा तास मुख्याध्यापकांच्या फरशीला काठी लावून, जी गळती तिथे नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, ती ऐकत बसले.

अखेर प्रकरण मासिक सभेत आलं. सभा खालच्या मोकळ्या जागेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर बसत. ठकू सगळ्यात खालच्या पायरीवर, आईच्या गुडघ्याला टेकून.

सेक्रेटरी उभे राहिले. “विषय तिसरा. गादी. मुख्याध्यापकांचा मजला निर्दोष आहे असं स्वतः गळतीसाहेबांनी लिहून दिलंय. मग पाणी आलं कुठून? साहेब, तुमच्यासारख्या तज्ज्ञाला माहीत नाही असं होणार नाही.”

साहेब उठले. तीस जणांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी पाण्याचा जग सांडला असं म्हणायचं ठरवलं होतं. पण मुख्याध्यापकांच्या पत्नी मध्येच म्हणाल्या, “अहो, रोज चादर वाळत असते त्यांच्याकडे. लहान मूल आहे ना घरात—”

साहेबांची नजर पायरीकडे गेली. ठकूने श्वास घेणं थांबवलं होतं. तिचे दोन्ही हात तोंडावर होते आणि त्यांच्या वर दोन डोळे, बापाकडे लागलेले.

“मूल नाही,” साहेब मोठ्याने म्हणाले. “मी.”

कुणाला काही कळलं नाही.

“गादी माझी आहे,” साहेब म्हणाले. “मला रात्री जाग येत नाही. होतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. इतिवृत्तात लिहून घ्या.”

सेक्रेटरींनी लिहिलं नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं, चष्मा पुसला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “कलम चौदा आजपासून रद्द. कुणाची हरकत?” कुणाची नव्हती. मुख्याध्यापक उठून आले आणि साहेबांच्या पाठीवर हात ठेवून परत जाऊन बसले.

पुढचे आठ दिवस साहेबांनी जे सोसलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. दाराच्या कडीला मोठ्यांच्या लंगोटांची जाहिरात अडकवलेली सापडली. शेजारच्या बाळाच्या वडिलांनी कुजबुजत एका विशेषज्ञाचं कार्ड दिलं. मुख्याध्यापकांनी पहाटे चारला करायचा व्यायाम लिहून दिला. फिटरपर्यंत बातमी पोचली तेव्हा तो नुसता म्हणाला, “म्हणजे ओळखीचे तुम्हीच होय.” ‘गळतीसाहेब’ ही हाक लोक आता हळू आवाजात, जरा काळजीने मारू लागले, हे सर्वांत वाईट.

पण सभेच्या रात्री घरी आल्यावर ठकू त्यांच्या समोर येऊन उभी राहिली होती. बराच वेळ तिने त्यांना खालून वर न्याहाळलं, जणू हा माणूस घरात आजच आला. मग म्हणाली, “बाबा, तुझी पण होते?”

“नाही गं. लहानपणीही नाही.”

“विचारूया की,” बायको म्हणाली आणि तिने साहेबांच्या आईला फोन लावला. फोनचा आवाज साऱ्या खोलीत आला. “कुणाची? याची? अगं, सात वर्षांचा होईपर्यंत! मुंजीएवढा घोडा झाला तरी... एकदा तर मामाच्या लग्नात, नव्या कोऱ्या गादीवर! मी कध्धी कुणाला बोलले नाही. याच्या वडिलांना आणि मला तेवढं माहीत.”

साहेब खाली बसले. म्हणजे सभेत ते खोटं बोललेच नव्हते. फक्त तारीख चुकली होती. आणि त्यांच्या आईने चाळीस वर्षं हे गुपित असं सांभाळलं होतं की ते त्यांचं त्यांनाही कळू दिलं नाही. ते फोनकडे बघतच राहिले. तोवर पलीकडून ती म्हणाली, “का रे, पुन्हा सुरू झालं की काय?”

ठकूने त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. “होतं असं बाबा. मोठा झालास की थांबेल.”

मावशीकडे ती गेली. जाताना पिशवीत आवरण स्वतः घातलं, आणि दारातच मावशीला म्हणाली, “माझं रात्री होतं. बाबांचं पण व्हायचं. हे खाली घालायचं.” आठ रात्रींपैकी सहा ओल्या गेल्या. ती परत आली तेव्हा तिने सगळं सांगितलं, ओल्या रात्रींचं तेवढं सांगायचं विसरली.

त्यानंतर चार-पाच महिने गेले. चादरी धुतल्या गेल्या, वाळल्या, पुन्हा धुतल्या गेल्या, आणि साहेबांनी मोजणं सोडून दिलं. एका रात्री मुख्य नळावरच्या कामावरून ते उशिरा आले. बायकोला जाग येऊ नये म्हणून बाहेरच्या खोलीत अंधारातच बसून बूट काढत होते. तेवढ्यात आतलं दार हललं.

ठकू आली. डोळे जवळजवळ मिटलेले, एक हात भिंतीवर. हाक कुणी मारली नव्हती, गजर झाला नव्हता. ती साहेबांच्या गुडघ्याला घासून गेली, पण त्यांच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. बाथरूमचा दिवा लागला. पाण्याचा आवाज झाला. दिवा गेला. ती परत आली, भिंत चाचपत, त्याच वाटेने, आणि दाराआड नाहीशी झाली.

साहेब एका हातात बूट धरून बसून राहिले. आत कुठेतरी, कुणाला न विचारता, कुणाच्या मदतीशिवाय, निरोप पोचला होता.

त्यांनी जाऊन बायकोला हलवलं. “उठली ती. स्वतःहून.”

“मग?”

“मग काय. गेली, आली, झोपली.”

बायको उठून बसली. दोघे पायांचा आवाज न करता ठकूच्या खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेला फरशीवर बसले. पाहण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. एक मूल झोपलं होतं, तोंड उघडं टाकून, एक पाय पांघरुणाबाहेर. ते दोघे मात्र असे बघत होते की जणू पापणी लवली तर काहीतरी हुकेल.

सकाळी ठकू उठली तेव्हा आईबाबा खाली फरशीवर, एकमेकांना टेकून, गाढ झोपलेले होते. बाबांच्या एका पायात बूट होता. तिने चादरीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. “कोरडी,” ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने आपलं पांघरूण ओढून दोघांच्या अंगावर टाकलं, त्यांचे पाय नीट ओलांडले आणि दात घासायला गेली.